व्हरांड्याची भाषा

आमच्या तौलनिक साहित्य विभागाचा एक जुना नियम आहे. ज्या खोलीत पहिलं भांडण ज्या भाषेत झालं, ती त्या खोलीची भाषा. प्राध्यापक असो की झाडूवाला, उंबऱ्यावर त्या भाषेत एक वाक्य बोलायचं, मगच पाऊल टाकायचं. आणि बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. खोल्या चार, भाषा चार. व्हरांड्यात कधी कोणी भांडलंच नव्हतं, म्हणून तिथून सगळे मूग गिळून चालायचे. आमच्या घरच्या भाषेला खोली नव्हती. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी चारही भाषांत सांगत असे.

माझा प्रबंध होता, चार भाषांतल्या कादंबऱ्यांत आया मुलांना कशा रागावतात यावर. तोंडी परीक्षेला चार परीक्षक आले. प्रत्येकाला आपली एकच भाषा येत असल्यामुळे कोणी खोली सोडेना. शेवटी चौघांनी खुर्च्या आपापल्या उंबऱ्याशी ओढल्या आणि मला मधे व्हरांड्यात उभं केलं. एका खोलीत शिरून उत्तर द्यायचं, मग तेच दुसरीत, तिसरीत. चौथीत पोचेपर्यंत पहिल्याचा नवा प्रश्न तयार! चुकून एकीची भाषा दुसरीत निघाली असती, तर प्रबंध रद्द. दुपारी माझी जीभ खरोखरच वळेनाशी झाली. मला रडू येत होतं, पण कोणत्या खोलीत रडायचं ते कळेना.

व्हरांड्यातल्या बाकावर आई बसली होती, मांडीवर माझ्यासाठी आणलेला डबा. ‘इथे बोलायचं नाही’ असं मी तिला खुणेने बजावलं होतं आणि तिने चक्क ऐकलं होतं. पण धावता धावता मी धडपडले, आणि तिचा संयम सुटला.

“लाजा नाही वाटत? पोरीला सकाळपासून नुसती पळवताय! तिच्या पोटात काही गेलंय का, एकाने तरी विचारलं? आणि तू गं? घरी माझ्यापुढे बरी जीभ चालते!”

चौघांनाही एक शब्द कळला नाही, पण चौघांनी सारख्याच माना खाली घातल्या. एकाने तर हात पाठीमागे लपवले. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं आणि चेहरे पांढरे पडले. व्हरांड्यात पहिलं भांडण झालं होतं. व्हरांड्याला आता भाषा होती, आमची. ती बोलल्याशिवाय त्यांना घरी जाता येणार नव्हतं.

चौघं माझ्याकडे आशेने बघू लागले. मी तोंड उघडलं.

“तू गप्प बस,” आई म्हणाली. “मी शिकवते.”

तिने एकच वाक्य शिकवलं, डब्याच्या झाकणावर ठेका धरून. एकाचं शेवटचं ‘आहे’ राहून जात होतं. त्याला तिने परत खुर्चीवर बसवलं. संध्याकाळी एकेक जण उंबऱ्यावर येऊन घाम पुसत म्हणाला, “पोरगी पास आहे.” अर्थ एकालाही माहीत नव्हता. तरी मी ढसाढसा रडले. इतक्या वर्षांत त्या इमारतीत माझ्याशी आमच्या भाषेत कोणी बोललं नव्हतं.

जिना उतरताना आईने विचारलं, “एवढी वर्षं शिकलीस तरी काय? आता नीट सांग.”

“आया कशा रागावतात ते.”

ती पायरीवरच थांबली.

“आणि त्यासाठी घर सोडून गेलीस?”