रोहण्याची बुरशी

माझ्या नवऱ्याचं बुरशीवर प्रेम होतं. हे मी रागानं सांगत नाही. राग यायचा तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी येऊन गेला. प्रभाकरराव वर्ध्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि आम्ही बोरगाव मेघेला दोन खोल्यांत राहायचो. ऐंशी साली रॉकेलच्या रांगेत मी डबा घेऊन उभी, आणि हे महाशय रांगेतल्या बायांना समजावून सांगतायत, की पुढे रॉकेल लागणारच नाही. कापूस खाणारी एक बुरशी असते, ती अंगातून रस सोडते, त्या रसानं कापसाची साखर होते. साखरेचं स्पिरिट करायचं, त्यावर गाड्या चालवायच्या, त्याचंच प्लास्टिक बनवायचं. कापूस वेचून झाल्यावर शेतात जाळून टाकतो त्या पऱ्हाट्यांतून हे सगळं निघणार. दारूबंदीच्या जिल्ह्यात स्पिरिटचं व्याख्यान जरा हळू आवाजात द्यावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

अडचण अशी, की त्यांच्याजवळची बुरशी मरतुकडी होती. तिला अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली धरायचं, तिच्या पिलावळीत काही बदल झालाय का पाहायचं, आणि जास्त खादाड निघतील तेवढ्या पुढे वाढवायच्या, असा त्यांचा उद्योग. पण मुळात जिची खाण्यावर वासनाच नाही, तिची पोरं काय दिवे लावणार?

"वर्षानुवर्षं कापसावरच जगलेली पाहिजे," ते म्हणाले, आणि मला घेऊन माझ्या माहेरी, रोहण्याला निघाले.

रोहण्यात ते घरोघर बुरशी मागत फिरले. जावई म्हणून चहा सगळ्यांनी पाजला, बुरशी कुणाकडेच निघाली नाही. "आमच्या घरी बुरशी? काईतरीच बोलता, जवाईबापू! त्या रुख्माबाईच्या घरी पाहा." रुख्माबाई म्हणजे आमची भिंतीला भिंत शेजारीण. तिनं माझ्या आईच्या घराकडे बोट दाखवलं. माझी आई मनकर्णाबाई गावात स्वच्छतेसाठी नावाजलेली. चुलीत घालायचं लाकूडसुद्धा ती धुऊन घालते, असं लोक म्हणायचे. त्यामुळे त्या बोटावरून दोघींचं दुपारपर्यंत भांडण झालं.

जेवण झाल्यावर प्रभाकरराव आडवे झाले, आणि एकदम उठून नाक वर करून वास घेऊ लागले. वास घेत घेत धान्याच्या कोठीमागे गेले. तिथून त्यांनी एक जुनी गादी ओढून काढली. अर्धी गादी हिरवीगार, आणि आतला कापूस बोट लावताच भुसा.

"आई, अहो केवढी सुंदर आहे ही!"

आईचा चेहरा पांढराफटक पडला. जावयासमोर! "छपराचं कवेलू फुटलं होतं जी, पानी गेलं आत. उन्हात टाकीन म्हनलं तं लोकं पाह्यतीन. म्हनून मंग तशीच राह्यली." एवढं बोलून तिनं डोळ्याला पदर लावला. "कोणाले सांगू नोका. माही शपथ आहे तुम्हाले. इचारलंच कोणी, तं रुख्माबाईच्या घरची म्हना."

त्यांनी शब्द दिला. पत्त्यांतही ज्याला लबाडी जमत नाही असा तो माणूस. गादीचा एक कोपरा कापून घेतला आणि बाटलीवर चिठ्ठी लावली: रुख्माबाई, रोहणा.

ती बुरशी राक्षसीण निघाली. दिव्याखालून निघालेल्या तिच्या लेकी तर त्याहून वरचढ. त्यांच्या रसात टाकलेला कापूस विरघळून गोड पाणी व्हायचं. नागपूरच्या पेपरात चार ओळी छापून आल्या, रुख्माबाईच्या नावासकट. रुख्माबाई आधी माझ्या नवऱ्याच्या नावानं शिमगा करत होती. मग ग्रामपंचायतीनं तिला शाल-नारळ दिला, आणि तिचा सूरच बदलला. "आमच्या घरची बुरशी लई जुनी आहे, माह्या सासूच्या वक्ताची," ती विहिरीवर सांगायची. शेजारी घागर घासत आई ते ऐकायची आणि घरी येऊन भाकरी करपवायची.

मे महिन्यात कॉलेजची वीज गेली ती दोन दिवस आली नाही. उकाड्यानं सगळ्या बाटल्यांतली बुरशी मेली. आणि नेमके तेव्हाच नागपूरचे साहेब आले. हे काम पुढे चालवायचं की बंद करायचं, ते त्यांच्या हाती होतं. प्रभाकरराव म्हणाले, मूळ बुरशी रोहण्यात आहे. साहेब म्हणाले, मग चला, दाखवा.

आम्हा तिघांना घेऊन जीप रुख्माबाईच्या दारात थांबली. अख्खं गाव जमलं. रुख्माबाई शाल पांघरून बाहेर आली आणि तिनं खाटेवर एक गादी अंथरली. पांढरीशुभ्र.

"बुरशी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"धुतली जी! तुम्ही येऊन राह्यले म्हनून सोड्यात उकळून काढली. पाहुन्याले का घान वस्तू देतेत?"

साहेबांनी प्रभाकररावांकडे पाहिलं. "प्राध्यापक, पेपरात छापलेलं सगळं असंच आहे का? आमचा वेळ का घालवला?"

प्रभाकरराव नुसतेच रुमालानं घाम पुसत राहिले. त्यांनी शपथ घेतली होती ना! एकदा मला वाटलं, आपणच ओरडून सांगावं. पण शपथ घालणारी माझी आईच, आणि ती समोर ओट्यावर उभी होती. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. आई जावयाच्या तोंडाकडे पाहत होती. मग ती घरात गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यावर ती गादी होती. भर दुपारी, सगळ्या गावासमोर, हिरवा भुसा पातळावर सांडत ती जीपपर्यंत चालत गेली आणि गादी तिनं साहेबांच्या पुढ्यात टाकली. बायांनी नाकाला पदर लावले.

"हे घ्या तुमची बुरशी."

"ही कुणाच्या घरची?" साहेबांनी विचारलं.

"माह्या. मनकर्णाबाईच्या. माह्या जवायाले खोटं म्हनू नोका, मीच त्याहीले शपथ घातली होती." मग तिनं एक मोठा श्वास घेतला. "त्या रुख्माबाईच्या घरी बुरशी कुठून भेटन तुम्हाले? तिचं घर लई साफ राह्यते, जी."

रुख्माबाईनं शाल काढून हातात घेतली. आईला रुख्माबाईबद्दल चांगलं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. मला रडूच आलं.