गोदामापुढची माणसं

त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात मुखेडच्या सरकारी गोदामात परदेशातून लाल ज्वारी आली, आणि पाठोपाठ तार आली: पुढील हुकमाशिवाय एकही पोतं उघडू नये. गोदामाचा कारभार पंचशीलाकडं होता. बौद्धवाड्यातली ती पहिली सरकारी नोकरदार. हुकूम मोडायचं तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिनं नांदेडला ट्रंक कॉल लावला. "साहेब, असं का?"

"धान्य देणारा देश दिल्लीवर रुसलाय. एकाहत्तरच्या लढाईत आपण त्यांचं ऐकलं नाही ना! बोलणी चालू आहेत. तोवर कुलूप."

दुसऱ्या दिवशी गोदामापुढं उन्हात माणसं येऊन बसली. आधी चार, मग चाळीस, मग मैदान भरलं. घोषणा नाही, शिवी नाही. तान्ही लेकरंसुद्धा रडत नव्हती. सगळ्यांचे डोळे दारावर.

"बाई, ह्याच्यापरीस दगडं मारली असती तर बरं," पहारेकरी मलप्पा म्हणाला.

पुढंच बौद्धवाड्यातली म्हातारी भामाबाई होती. पंचशीला तिच्याजवळ वाकली. "मावशी, हुकूम न्हाई अजून. घरी जा."

"आमी कुठं मागून राहिलो? बसलोत नुसतं."

तिसऱ्या दुपारी भामाबाईनं बसल्या बसल्याच प्राण सोडला. शेजारणीनं तिचा पदर नीट केला आणि पुन्हा दाराकडं बघू लागली. पंचशीलानं कमरेची किल्ली काढली.

"मलप्पा, काटा बाहेर घे."

दिवस मावळायच्या आत ज्वारी संपली. पदरात, धोतरात घेऊन माणसं गेली, तीही मुक्यानंच.

आठवड्यानं साहेबांची जीप आली. पंचशीला निलंबनाची तयारी ठेवूनच उभी होती. साहेबांनी रिकामं गोदाम पाहिलं.

"बोलणी जमली, बाई. उद्या त्यांचा पाहुणा येतोय, वाटपाचे फोटो काढायला."

"पण साहेब, धान्य तर..."

"पोती आहेत ना? तळाला थोडी थोडी वाळू भरा."

दुसऱ्या दिवशी तीच माणसं वाळूची पोती छातीशी धरून उभी राहिली. सांगितल्याबरोबर हसली, सगळी एकदम, एकसारखी. पाहुणा खूश होऊन गेला. जीपची धूळ खाली बसली, तरी हसू कुणाच्याच तोंडावरून उतरेना.

"गेले ते! झालं आता!" पंचशीला ओरडली. कुणी हललं नाही. मग ती एकेकाचं पोतं काढून घेऊ लागली. हात मोकळे झाले की तो चेहरा सैल पडे, आणि माणूस मुकाट्यानं घरची वाट धरी.

त्या फोटोंतल्या वाटपाबद्दल तिला वरून शाबासकीचं पत्र आलं. नऊ वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्या पत्राच्या जोरावर ती तिथं अधिकारी झाली. पण ते पत्र तिनं आपल्या आईलाही कधी वाचून दाखवलं नाही.