नव्वद सेकंदांची गॅलरी

मी हर्षालीचा कॉम्प्युटर. नळदुर्गात, हायवेलगतच्या तिच्या माडीवरच्या ऑफिसात गेली सात वर्षं मी एकच काम केलं: मोठ्या इमारतीत आग लागली तर धूर कुठून कुठं जाईल, ते आधी दाखवायचं. सभागृहाचे लाखो बारीक चौकोन करायचे आणि प्रत्येकात क्षणाक्षणाला उष्णता किती, धूर किती, ते मोजायचं.

माघात अमरसिंहांच्या नव्या मंगल कार्यालयाचं काम आलं. येरमाळ्याजवळ, बाराशे माणसांचं, वर बायकांसाठी गॅलरी. मी अकरा तास तापत राहिलो. मग माझ्या स्क्रीनवर स्टेजची सजावट पेटली, धूर छताला भिडला आणि नव्वद सेकंदांत गॅलरी काळी झाली.

छत फोडून धुराला वाट करावी लागेल, असं हर्षालीनं मालकांना सांगितलं. अमरसिंह हसले. "मॅडम, हे कॉम्प्युटरमधलं. लोकांना तारखा दिल्यात. आता छत फोडू व्हय?"

सोबत त्यांची आई सारजाबाई आली होती. "पोरी, मी वर बसले तर?"

"दीड मिनिटात धूर येईल, आजी."

म्हातारी उठली. "घड्याळ लाव." कठडा धरून ती ऑफिसचा जिना उतरू लागली, मागं हर्षाली. मला फक्त चपला ऐकू येत होत्या. एक पायरी. थांबली. आणखी एक. शेवटी खालून हर्षाली ओरडली, "दोन मिनिटं चाळीस!"

अमरसिंहांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. "कुठं फोडायचं, दाखवा."

छताला धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा बसल्या, गॅलरीला दुसरा जिना झाला.

वैशाखात भर दुपारी अमरसिंहांचा फोन आला. कार्यालयात लग्न चालू असताना स्टेजची सजावट पेटली होती.

"झडपा उघडल्या का?" हर्षालीनं विचारलं.

"उघडल्यात! पर बाया नव्या जिन्यानं येईनात, जुन्यावरच दाटल्यात!"

"तुम्ही नव्या जिन्यावर उभं राहा. नावानं हाका मारा!"

"गिरिजाबाई, हिकडं! विठाबाई, हिकडं या!" अमरसिंहांचा आवाज फाटला आणि फोन तुटला.

अकरा मिनिटं हर्षाली हलली नाही. मग पुन्हा फोन. "समदी भायेर हायत. एका आचाऱ्याचा हात भाजलाय, बाकी कुणाला काय न्हाय."

तिनं कपाळ माझ्या कीबोर्डवर टेकलं. स्क्रीनभर नुसती अक्षरं उमटत गेली.

धूर मला कळला होता, माणसं नव्हती कळली. आलो त्याच वाटेनं परतायचं, ही तुमची सवय माझ्या हिशेबात नव्हती. हर्षालीनं ती नंतर घातली.

आता माझा पंखा घरघरतो. टेबलावर नवा कॉम्प्युटर आलाय; मी कपाटावर आहे. जाता जाता एवढंच मागतो: कार्यालयात गेलात की अक्षता हातात घेण्याआधी मागचं दार शोधा. त्याला कुलूप असलं तर मालकाला बोलवा, आणि ते कुलूप निघेपर्यंत तिथून हलू नका.