विनाथांबा

विमानातून उतरल्या उतरल्या विहीणबाईंनी दोघींचे पासपोर्ट आणि पुढच्या विमानाचे कागद गळ्यातल्या पिशवीत घातले, चेन ओढली आणि जाहीर केलं, "आता नऊ तास इथेच बसायचं. जागचं हलायचं नाही."

विहीणबाई कधी काही सांगत नसत, जाहीरच करत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुठली रद्द झाली, हे साऱ्या गावाला त्यांच्या तोंडून कळायचं. निवृत्तीच्या दिवशी माइक ऑफिसात राहिला आणि आवाज तेवढा घरी आला. भाजीत मीठ कमी पडलंय हेही त्या अशा सांगायच्या की शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी मीठ घेऊन धावत यावं.

ज्यांना हे जाहीर झालं त्या त्यांच्या सुनेची आई. गाव त्यांना कोचबाई म्हणायचं. नगरपालिकेच्या तरणतलावावर बायकांची सकाळची बॅच त्यांनी एकतीस वर्षं घेतली. घाबरट, लाजऱ्या, डॉक्टरांनी पाठवलेल्या, घरी न सांगता आलेल्या, अशा मोजून तीन हजारांवर बायका त्यांच्या हाताखालून पोहायला शिकून गेल्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी त्या एकच सांगायच्या, "पाणी सगळीकडे सारखंच असतं. तुम्ही फक्त श्वास सोडा."

दोघी निघाल्या होत्या त्या एकाच बाळंतपणाला. एकीची लेक, दुसरीची सून. तिकिटं विहीणबाईंच्या मुलाने काढली होती आणि मधे या बेटावर नऊ तासांचा मुक्काम घातला होता. फोनवर त्याने तीन वेळा बजावलं होतं, विमानतळाबाहेर पडू नका. विहीणबाईंना मुलाचा शब्द प्रमाण. त्यांनी खांबाजवळच्या दोन खुर्च्या हेरल्या, पाय वर घेतले आणि डोळे मिटले.

कोचबाईंना मात्र बसवेना. समोरच्या भल्यामोठ्या काचेतून धावपट्टी दिसत होती आणि धावपट्टीच्या पलीकडे समुद्र.

त्या समुद्रावरून त्यांची नजर हटेना. त्याचं कारण त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. चार वर्षांपूर्वी लग्नात विहीणबाईंनी त्यांची ओळख करून दिली होती, "आमच्या विहीणबाई हौदात पोहायला शिकवतात." हौदात. ते एक "हौदात" त्यांच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. बरं, रागवावं तर खोटं काहीच नव्हतं. पंचवीस मीटरच्या त्या हौदाबाहेर कोचबाई कधी पोहल्याच नव्हत्या. गाव समुद्रापासून दूर, रजा कधी फुकट घालवली नाही, आणि घालवली ती दुखण्याखुपण्यात.

हेही एकवेळ चाललं असतं. पण महिन्याभरापूर्वी त्यांच्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात एका जुन्या विद्यार्थिनीने भर सभेत विचारलं, "बाई, तुम्ही समुद्रात पोहलाय का हो?" आणि कोचबाईंच्या तोंडून निघून गेलं, "पुष्कळदा." टाळ्या पडल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि तो लेकीपर्यंत पोचला. लेकीने कौतुकाने लिहिलं, "आई, मला कधी बोलली नाहीस." तेव्हापासून कोचबाईंना आरशात स्वतःकडे धड बघवत नव्हतं. तीन हजार बायकांना जे छातीठोकपणे सांगितलं, ते आपण स्वतः कधी पडताळून पाहिलं नाही. मग शिकवलं तरी काय?

त्या उठल्या. कोपऱ्यातल्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याला त्यांनी मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं. पासपोर्टवर शिक्का मारला की बाहेर जाता येतं, दोन वाजेपर्यंत परत या, असं त्याने बोटांनी दाखवलं.

"विहीणबाई, मी समुद्रावर जाऊन येते."

विहीणबाईंनी एक डोळा उघडला. "पोहण्याचे कपडे सामानात गेले."

"पर्समध्ये आहेत." इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो, कोचबाईंच्या पर्समध्ये कॉस्च्युम, टोपी आणि गॉगल असायचा. एकतीस वर्षांची खोड.

"तुमचा पासपोर्ट माझ्या गळ्यात आहे."

"तो द्या."

"देणार नाही. हरवाल." विहीणबाईंनी सुस्कारा टाकून चपला शोधल्या. "म्हणजे आता मलाही यायला हवं."

बस दहा मिनिटांत एका छोट्या खाडीपाशी घेऊन गेली. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, कपडे बदलायच्या दोन खोल्या, गोड्या पाण्याचा नळ आणि उंच खुर्चीवर बसलेली एक जीवरक्षक पोरगी. खुर्चीला हिरवं निशाण लावलेलं. आणि समोर, निवांत पाण्यावर, नांगरून ठेवलेला एक पिवळा तराफा. लोक तिथपर्यंत पोहत जात होते, त्यावर चढून बसत होते आणि परत येत होते.

कोचबाईंनी डोळे बारीक करून अंतर जोखलं. शंभर मीटर. चार फेऱ्या. रोज बॅचच्या आधी त्या चाळीस फेऱ्या मारायच्या. चार म्हणजे किस झाड की पत्ती.

विहीणबाई सगळ्यात वरच्या पायरीवर बसल्या, पाय आखडून. बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी दिसलं की त्यांना घेरी यायची.

पाणी कोमट होतं आणि ओठांना खारट लागलं. पहिले काही हात इतके झकास पडले की कोचबाई मनातल्या मनात हसल्या. दहा, अकरा, बारा. हौदाची एक फेरी त्यांना सतरा हातांत व्हायची, ना एक कमी ना एक जास्त. सतरावा हात पडला आणि त्यांची बोटं आपोआप भिंत शोधू लागली. भिंत कुठली असायला? पण अंगाला ते कोण सांगणार. सतरा हात झाले की वळायचं, एवढंच त्याला पाठ होतं. ते वळलं. कोचबाईंनी पुढच्या हाताला मान वर काढली तेव्हा समोर तराफा नव्हता, दगडी पायऱ्या होत्या आणि वरच्या पायरीवर विहीणबाई.

"आलात पण?" विहीणबाईंनी विचारलं.

"गॉगल नीट बसला नव्हता."

दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःला दटावून ठेवलं होतं. सतराव्या हाताला त्या वळल्या नाहीत, पण त्यांनी खाली पाहिलं. हौदाच्या तळाला काळा पट्टा असतो, त्यावर नजर ठेवली की झालं. इथे खालची वाळू एकाएकी संपली आणि गडद निळं काहीतरी सुरू झालं. ज्या श्वासाबद्दल तीन हजार बायकांना सांगितलं होतं, तो श्वास सोडायचाच राहून गेला. नाकातोंडात पाणी गेलं. त्या खोकत, धडपडत पायऱ्यांपाशी परतल्या तेव्हा जीवरक्षक पोरगी खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

कोचबाईंनी तिला हाताने सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि टॉवेल अंगाभोवती घेऊन विहीणबाईंच्या शेजारी बसल्या. अकरा वाजून गेले होते. एक वाजता परतीची बस. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांची भीती घालवली त्या स्वतः घाबरून दोनदा परत फिरल्या होत्या, आणि तेही नेमकं ह्या बाईसमोर.

"विहीणबाई, मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. निरोपाचा समारंभ, टाळ्या, व्हिडिओ. "तुम्ही म्हणालात तेच खरं. मी हौदातलीच."

विहीणबाई आता टोमणा मारणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. पण विहीणबाईंनी चौकशीच्या खिडकीतून विचारावं तसं विचारलं, "बुडता का तुम्ही?"

"नाही."

"दमता?"

"छे."

"मग अडतंय कुठे?"

"सतरा हातांवर. तिथे भिंत असते. हात लावून वळायचं असतं."

"म्हणजे तो तुमचा थांबा."

"थांबाच म्हणा."

"मग सोपं आहे. थांबा रद्द करायचा." विहीणबाईंचा चेहरा एकदम कामावर आल्यासारखा झाला. "अहो, आमच्याकडे एखादी गाडी विनाथांबा केली तरी ड्रायव्हरचा पाय रोजच्या ठिकाणी ब्रेकवर जातोच. सवय असते. त्याला सुटताना ठणकावून सांगावं लागतं."

"कोण सांगतं?"

"अठ्ठावीस वर्षं कोण सांगत होतं?"

कोचबाई पुन्हा पाण्यात उतरल्या. मागून असा आवाज आला की किनाऱ्यावरची सगळी डोकी एकदम वळली. "लक्ष द्या. पायरीवरून सुटणारी गाडी विनाथांबा आहे. वाटेत कुठेही थांबणार नाही. वळणार नाही."

एक, दोन, तीन. दर हाताला कोचबाईंचं डोकं पाण्याबाहेर यायचं आणि दर वेळी तो आवाज कानावर पडायचा. विहीणबाई तिकडे हात मोजत होत्या. चौदा, पंधरा, सोळा. सतराव्याला बोटं भिंत शोधायला निघाली आणि तेवढ्यात आवाज गरजला, "थांबा रद्द. गाडी पुढे जाईल."

गाडी पुढे गेली. अठरावा हात कोचबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा मारला, निदान त्यांना तरी तसं वाटलं. खाली निळं आलं. त्यांनी श्वास सोडला, पाण्यात बुडबुडे सुटले आणि निळं ते निळंच राहिलं, त्याने काही केलं नाही.

चौतिसाव्याला आवाज आला, "दुसरा थांबाही रद्द. गाडी वेळेवर आहे." एक्कावन्नाव्याला, "तिसरा रद्द. चालकाने इकडेतिकडे बघू नये." लांब जाऊ तसा आवाज बारीक व्हायला हवा होता. तो होईना. जबर आवाज आहे बाईचा, कोचबाईंच्या मनात आलं.

अडुसष्टाव्या हाताला त्यांचा तळवा तराफ्याच्या ओल्या कडेवर फाडकन आपटला.

तराफ्यावर बसलेल्या दोन अनोळखी मुलींनी टाळ्या वाजवल्या. कोचबाईंना रडू कोसळलं. आनंदाचं रडू होतं आणि त्यांनी ते आवरलं नाही. समुद्रात रडण्याची एक सोय असते, चेहरा आधीच ओला असतो. मग त्यांनी गॉगल कपाळावर चढवला, मागे वळून पाहिलं आणि त्यांचा डोळ्यांवर विश्वास बसेना.

पायरी रिकामी होती. विहीणबाई छातीभर पाण्यात उभ्या होत्या. अंगावर प्रवासाचे नवे कोरे कपडे, एका हाताने पासपोर्टची पिशवी डोक्यावर धरलेली आणि दुसरा हात समोर ताठ, तळवा उघडा.

"परतीच्या गाडीला भिंतीची सोय केलेली आहे," त्या पुकारत होत्या.

कोचबाई परत निघाल्या. या खेपेला त्यांनी हात मोजलेच नाहीत. समोर फक्त तो तळवा होता. तो जवळ आला, त्यांनी त्याला हात लावला, आणि काय सांगावं, हात लागताच एकतीस वर्षांचं मुरलेलं अंग गर्रकन वळलं आणि पुन्हा तराफ्याकडे निघालं. चार हात झाल्यावर मागून एक आवाज आला. इतका लहान की तो विहीणबाईंचा आहे हे त्यांना आधी कळलंच नाही.

"विहीणबाई, मी पाण्यात आहे हो."

कोचबाई मागे फिरल्या. विहीणबाई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "हात मोजता मोजता एकेक पायरी उतरले. तुम्हाला ऐकू जाईना असं वाटलं. आता पाय हलत नाहीत."

"हलवू नका. ती पिशवी त्या मुलीकडे द्या."

जीवरक्षक पोरगी आधीच पाण्यात शिरली होती. तिने पिशवी स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि शेजारी उभी राहिली. कोचबाईंनी एक हात विहीणबाईंच्या मानेखाली आणि एक पाठीखाली घेतला.

"पाणी सगळीकडे सारखंच असतं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी तीन हजार वेळा म्हटलं होतं. आज म्हणताना त्यांना खोटं वाटलं नाही. "तुम्ही फक्त श्वास सोडा."

विहीणबाईंनी श्वास सोडला. पाय आपसूक वर आले, कान पाण्यात गेले. कोचबाईंनी एक हात काढला, मग हळूच दुसरा.

"ऐकू काहीच येत नाही," विहीणबाई आभाळाकडे बघत पुटपुटल्या. मग बऱ्याच वेळाने, "छान आहे हो."

दुपारी गेटपाशी दोघी बसल्या तेव्हा केसांतून अजून पाणी ठिबकत होतं. विहीणबाईंच्या अंगावर समुद्रावरच्या दुकानातला, पिवळ्या माशांचा ढगळ झगा होता आणि त्याची त्यांना काडीची लाज नव्हती. विमानतळावरची घोषणा ऐकून त्यांनी नाक मुरडलं. "शब्द खाते ही मुलगी."

फोन वाजला. मुलाने पहिलाच प्रश्न टाकला, "बाहेर नाही ना पडलात?"

"पडलो," विहीणबाईंनी अख्ख्या गेटला जाहीर केलं. "तुझ्या सासूबाई समुद्रात दोनशे मीटर पोहल्या. विनाथांबा." आणि त्यांनी फोन कोचबाईंच्या हातात दिला. पलीकडे आता लेक होती, हसत होती.

"त्यात तुला काय नवीन आहे, आई? तू तर पुष्कळदा पोहलीयेस ना समुद्रात?"

कोचबाईंनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी पुढची गाडी सोडावी तशी मान हलवली.

"नाही गं," कोचबाई म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच."