खिळ्यावरचा बिल्ला

"नाल्यातला गाळ आहे तो. घरात नको आणूस," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या.

"अहो, नुसती काळीभोर माती आहे. तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत तिने घमेलं आत घेतलं होतं.

जाऊबाई अणुभट्टीच्या धुलाईखान्यात कामगारांचे कपडे धुवायच्या. दहा वर्षांत भट्टीबद्दल त्यांच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता. त्या आपणहून गाळाबद्दल बोलल्या, तेव्हाच तिने कान टवकारायला हवे होते. पण भट्टीमागचा नाला दरवर्षी उपसायचे, गाळाचे ढीग रस्त्याकडेला पडायचे आणि अख्खी वसाहत तो कुंड्यांसाठी उचलायची. जे सगळ्यांचं ते आपलं. तिने खिडकीखाली लाकडी खोक्यात टोमॅटो लावले. मुठीएवढे धरले. तिचा दीड वर्षाचा ढब्बू त्या खोक्याला धरूनच उभा राहायला शिकला. माती तोंडात घालायचा. ती बोट घालून काढायची आणि हसायची.

नवरा भट्टीत कंत्राटी वेल्डर. तिथे प्रत्येकाला छातीवर लावायला एक बिल्ला मिळायचा. महिनाभरात अंगाने किती किरणं घेतली, ते तो बिल्ला मोजायचा; महिनाअखेरीस तो जमा करून घेऊन आकडा बघायचे. आकडा हद्दीबाहेर गेला की काम बंद. म्हणून हे बहाद्दर बिल्ला घरीच ठेवून जायचे, दाराजवळच्या खिळ्याला.

"पकडलं म्हणजे?" ती विचारायची.

"कोण पकडतंय? माझ्या वाटचा आराम तो करतो, एवढंच."

गेल्या महिन्यात ढब्बू चपलांच्या मांडणीवर चढून बिल्ला ओढायला लागला, म्हणून तिने तो खिडकीशी टांगला. खोक्याच्या बरोबर वर.

सोमवारी नवरा भरदुपारी घरी आला, हातात चिठ्ठी.

"घ्या, बसवलं मला घरी. आकडा हद्दीच्या वर गेलाय म्हणे. आणि गंमत बघ, महिनाभरात एक दिवस तो अंगाला लागलेला नाही. त्यांचं मशीनच..."

तो थांबला. ती खिडकीकडे बघत होती. ढब्बू खोक्याला धरून उभा होता, हनुवटीवर काळी रेघ.

तिने आधी त्याला उचललं, मग जाऊबाईंना फोन लावला.

"कपडे काढ, अंघोळ घाल, नखं काप. मग दवाखान्यात ने आणि सगळं सांग. मातीचं आणि बिल्ल्याचंही," त्या म्हणाल्या. 'मी सांगितलं होतं' असं म्हणाल्या नाहीत. तेच तिला जास्त लागलं.

"बिल्ल्याचं सांगितलं तर काम कायमचं जाईल," नवरा पुटपुटला.

"जाऊ दे," ती म्हणाली.

तिने सांगितलं. ढब्बूच्या तपासणीचा निकाल अजून यायचा आहे. तो खेळतो, जेवतो. ती त्याचा घास न् घास बघत बसते.

त्या दिवशी दवाखान्यातून परतताना जिन्यात तिला खालच्या मजल्यावरचं बंद दार दिसलं. शिवणकाम करणाऱ्या मावशी तिथून बहिणीच्या गावी गेल्या, तेव्हा तिनेच हौसेने त्यांना निळ्या बादलीत रोप लावून दिलं होतं. त्याच मातीत. "उशाशी ठेवीन गं," म्हणाल्या होत्या. त्यांचा फोन लागत नाही. बहिणीचा पत्ता कुणाकडे नाही.

म्हणून ती भेटेल त्याला विचारते, तसंच तुम्हालाही विचारते आहे. तुमच्या गल्लीत बहिणीकडे नव्याने राहायला आलेल्या, शिवणकाम करणाऱ्या कुणी बाई आहेत का? खिडकीत निळी बादली, तीत टोमॅटोचं झाड? एकदा जाऊन बघा. बादलीला हात लावू नका, त्यांनाही लावू देऊ नका. आणि विचारा, मावशी, बऱ्या आहात ना.