दोरी कोण ओढणार?

सोमेशला मानेखाली घाम येत नव्हता. दोन वर्षांपूर्वी दुधनीजवळ मावशीच्या शेतातल्या विहिरीत त्यानं सूर मारला. पाणी त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघालं आणि मानेचा मणका मोडला. तेव्हापासून खांदे हलायचे, कोपरं थोडी दुमडायची, पण बोटं मिटत नव्हती. आवाजही बारीक झाला होता. हे सगळं घरच्यांनी हळूहळू पचवलं. घामाचं मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर त्या दिवसांत ते कानात शिरलं नसेल. ते कळलं उन्हाळ्यात. ऊन बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलं की घरातले बाकीचे घामानं निथळायचे आणि सोमेशचं अंग तव्यासारखं कोरडं तापत जायचं. पंखा आणि कूलर बंद पडले की तासाभरात ताप चढायचा. गोळीनं तो उतरत नसे. गार वारा आणि ओली फडकी, एवढाच त्यावर इलाज.

जोडभावी पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत इन्व्हर्टर होता, पण बॅटरी कूलरला दीड तासाच्या वर पुरत नव्हती. एप्रिलमध्ये एका दुपारी गल्लीची डीपी जळाली आणि सहा तास वीज नव्हती. चंद्रव्वानं, म्हणजे सोमेशच्या आईनं, चौकातल्या रसवाल्याकडून बर्फ आणला, चादरी भिजवल्या, पुठ्ठ्यानं वारा घातला. तरी पारा एकशेतीनवर गेला होता. संध्याकाळी वीज आल्यावर वडील गुरुबसप्पा म्हणाले, "जनरेटर घ्यायचा. उद्याच."

ह्या घरात जनरेटरमधलं कळणारा माणूस एकच होता, आणि तो खाटेवर होता. पडण्याआधी सोमेश अक्कलकोट रोडच्या कारखान्यांत मोटारींचं रिवाइंडिंग करायचा. जळकी मोटार नुसत्या वासावरून ओळखायचा. गुरुबसप्पांचा जन्म कापडाच्या दुकानात गेला होता. चादर चिमटीत धरून ते सूत सांगायचे, यंत्रांशी मात्र त्यांचा कधी संबंध आला नव्हता.

निघताना सोमेश म्हणाला, "अप्पा, कूलर आन पंखा मिळून अडीचशे वॅट. एक केव्हीएचा लहान घ्या, बंद पेटीसारखा असतो तो. आवाज कमी, उचलायला हलका. आन दुकानातनं मला फोन लावा. मी बोलतो."

त्यांनी फोन लावलाही. पण स्टेशनाजवळच्या त्या दुकानात एक यंत्र चालू करून ठेवलं होतं. त्याच्या धडधडाटात सोमेशचा बारीक आवाज विरून जात होता. दुकानदार मोठ्यानं सांगत होता, "काका, लहान घेऊन काय करणार? उद्या फ्रिज लावाल, पाण्याची मोटार लावाल. लहान यंत्र दम टाकतं. पेशंट घरात हाय म्हणता, मग रिस्क कशाला?"

"काय म्हणतोस रे?" गुरुबसप्पांनी फोन कानावर दाबला.

"...दोरी... कोण ओढणार, ते बघा..."

"काय?"

दुकानदारानं हसत त्यांच्या हातातून फोन घेतला. "भाऊ, तुम्ही बिनघोर राहा. वडिलांना चांगलाच देतो," असं म्हणून त्यानं तो बंद करूनच परत दिला.

गुरुबसप्पा लहान आणि मोठ्या, दोन्ही यंत्रांसमोर उभे राहिले. कापड असतं तर हात लावून कळलं असतं. इथं हात लावला तर नुसतं लोखंड. पेशंट, रिस्क हे दोनच शब्द त्यांच्या डोक्यात घुमत राहिले. त्यांना एकशेतीनचा पारा आठवला आणि त्यांनी मोठा घेतला.

तो टेम्पोतून आला. दोन माणसांनी उतरवून मागच्या बोळात, दाराला लागून ठेवला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. दुकानाच्या माणसानं एका झटक्यात दोरी ओढली आणि सगळा बोळ हादरला. समोरच्या नागव्वानं खिडकी लावून घेतली. तिची मुलगी बाळंतपणाला आली होती.

सोमेश डोळे मिटून तो आवाज ऐकत होता. यंत्र बंद झाल्यावर म्हणाला, "अव्वा, तू एकदा ओढून बघ."

"तिला कशाला?" गुरुबसप्पा म्हणाले. "मी हाय की."

सोमेशनं मान भिंतीकडं वळवली. आपण त्याचं न ऐकता मोठा घेतला हे त्याला लागलंय, हे गुरुबसप्पांना कळत होतं. पण आता बोलून काय होणार, असं म्हणून त्यांनी तो विषय टाळला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुकानाच्या मालकांनी गुरुबसप्पांना त्यांच्या वैरागच्या दुकानात पाठवलं. लग्नाच्या बस्त्यांची गर्दी होती, तिथं जुना माणूस हवा होता. त्याच दिवशी साडेबाराला वीज गेली. दोन वाजता इन्व्हर्टरनं शिटी वाजवली आणि कूलर थांबला.

चंद्रव्वा मागं गेली. दोरी ओढली. ती वीतभर आली आणि अडकली. तिनं भिंतीला पाय लावला, दोन्ही हातांनी ओढली. यंत्र नुसतं खोकलं.

"सोम्या, होईना रे!"

"चोक ओढलास का? डाव्या बाजूची कळ... पेट्रोलचा नळ उघड... खाली, खाली असतो..." एकेका शब्दासाठी त्याला श्वास घ्यावा लागत होता. मधे भिंत होती. चंद्रव्वा आत यायची, ऐकायची, परत बाहेर जायची. तिनं नळ उघडला, चोक ओढला. पाचव्यांदा ओढताना दोरी झटक्यानं उलटी फिरली आणि तिच्या खांद्यात कळ गेली. ती तिथंच बसली. हात वर होईना.

आत सोमेश म्हणत होता, "मला तितं न्या. मी दाखवतो." पण त्याला नेणार कोण? दोघांपैकी एकाला यंत्र कळत होतं आणि दुसरीला हात होते, आता तोही एकच.

चंद्रव्वाच्या हाका ऐकून नागव्वा धावत आली. दोघींनी मिळून दोरीची मूठ धरली आणि जीव खाऊन ओढली. चौथ्या झटक्याला यंत्र सुरू झालं. चंद्रव्वा रडतच आत आली, वायर जोडली. कूलर फिरला. तिनं सोमेशच्या तोंडावरून ओला पदर फिरवला.

"थंड वाटतंय?"

"व्हय," तो म्हणाला. पण थोड्याच वेळात त्याचा चेहरा बदलला. "अव्वा, धूर येतोय."

येत होताच. दार उघडं ठेवल्याशिवाय वायर आत येत नव्हती आणि बोळात वारा नव्हता. यंत्राचा सगळा धूर खोलीत शिरत होता, आणि कूलर तोच ओढून सोमेशच्या अंगावर सोडत होता.

"बंद कर."

"अरे, एवढ्या मरणानं चालू झालंय!"

"बंद कर अव्वा. ह्या धुरात माणूस झोपला तर उठत न्हाय. तुझंबी डोकं दुखतंय ना? नागव्वाक्कांकडं बाळ हाय. बंद कर."

तिचं डोकं खरंच दुखायला लागलं होतं. तिनं जाऊन बटण दाबलं. गल्ली एकदम गप्प झाली. इतक्या शांततेत तिला सोमेशचा वेगानं चाललेला श्वास बोळापर्यंत ऐकू आला.

सव्वातीनला पारा एकशेचार झाला. तो आईला नावानं हाका मारायला लागला, चंद्रव्वा, चंद्रव्वा, जशा त्याची आजी मारायची. नागव्वानं ॲम्ब्युलन्ससाठी एकशेआठला फोन केला. गाडी गल्लीत शिरेना. चार शेजाऱ्यांनी ओल्या चादरीत घालून त्याला चौकापर्यंत नेलं. गुरुबसप्पांना वैरागला निरोप मिळाला तेव्हा ते एका नवरीच्या आईला शालू उलगडून दाखवत होते. त्यांनी तो तसाच टाकला आणि मिळेल त्या जीपनं निघाले.

सोमेश वाचला. दोन दिवस दवाखान्यात गार सलाईन, गार पंखे, आणि तिसऱ्या दिवशी डोळे नीट उघडले. गुरुबसप्पा उशाशी बसले होते.

"सोमेश, चुकलं माझं. ते यंत्र परत करतो. आता तू सांगशील तेच घ्यायचं. कंचं घेऊ?"

सोमेश छताकडं बघत राहिला. तसाच म्हणाला, "अप्पा, मला आता कायबी इचारू नका."

"असं नको रे..."

"घरातल्या एका गोष्टीतलं तरी मला कळत होतं. तीबी तुमी दुकानदाराला इचारली." आवाजात राग नव्हता. राग असता तर गुरुबसप्पांना बरं वाटलं असतं. ते उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि नळाखाली उगीच हात धूत राहिले.

त्यांच्या मागोमाग चंद्रव्वा आली. तिचा उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता.

"उद्या मी येते दुकानात," ती म्हणाली.

"तू येऊन काय करणार?"

"तुमी न्हाय तवा मीच असते घरात. मी ओढून बघणार."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत तो मोठा जनरेटर आणि पुढं रिक्षात हे दोघं, असे ते दुकानात गेले. दुकानदारानं आधी कुरकुर केली, एकदा पेट्रोल घातलं की माल परत होत नाही म्हणाला. चंद्रव्वानं त्याच्याशी वाद घातला नाही. तिनं झोळीतला हात त्याला दाखवला आणि काय झालं ते सांगितलं, पोराच्या हाकांसकट. दुकानदार खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "बदलून देतो मावशी. कुठला पाहिजे?"

"डाव्या हातानं सुरू होईल तो."

तिनं एकेक यंत्राची दोरी ओढली. दुकानातलं गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. गुरुबसप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ते तिच्या मागून एकेका यंत्रापाशी जात राहिले. तिसरं यंत्र बंद पेटीसारखं, लहान होतं. दोरी हलकी होती. दुसऱ्या ओढीला ते सुरू झालं, आणि त्याचा आवाज एवढाच की शेजारी उभं राहून बोलता येत होतं. त्यावर लिहिलं होतं, एक केव्हीए. सोमेशनं पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

"हेच," चंद्रव्वा म्हणाली. "वर कडी हाय. धरून गच्चीवर नेता येईल."

ते त्यांनी गच्चीवर जिन्याच्या आडोशाला ठेवलं आणि वायर खिडकीतून खाली सोडली. घरी आलेल्या सोमेशला आवाज ऐकवला. त्यानं मान हलवली. मग स्वतःहून म्हणाला, "टाकी लहान असते. चार तास. त्याच्या वर चालत न्हाय."

मेअखेरीला वळवाच्या वाऱ्यानं झाडं पडली आणि दुपारी एकला वीज गेली. ह्या वेळी गुरुबसप्पा घरी होते. इन्व्हर्टर संपायच्या आधीच चंद्रव्वानं गच्चीवर जाऊन यंत्र सुरू केलं. कूलर चालला, धूर आला नाही, सोमेशचा पारा नव्व्याण्णवच्या वर गेला नाही. तिघांनाही वाटलं की जमलं. वीज कंपनीच्या फोनवर माणूस म्हणाला, चार वाजेपर्यंत येईल. मग म्हणाला, सहापर्यंत. मग फोन लागेनासा झाला.

सहाच्या सुमाराला यंत्र आचके देऊन बंद पडलं. घरात होतं ते पेट्रोल आधीच यंत्रात ओतून झालं होतं. गुरुबसप्पा कॅन घेऊन कोपऱ्यावरच्या पंपावर धावले. पंपवाल्यानं सांगितलं, कॅनमध्ये पेट्रोल देत नाही, नियमात बसत नाही. त्यांनी पोराचं सांगितलं, हात जोडले. तो म्हणाला, "काका, कॅमेरा हाय वर. माझी नोकरी जाईल." ते परत आले, दारातली रिकाम्या टाकीची स्कूटर ढकलत पंपावर नेली, टाकी भरून आणली. मग दारात बसून सलाईनची जुनी नळी टाकीत घालून तोंडानं ओढली. पेट्रोल घशात गेलं. ते खोकत, थुंकत राहिले, पण नळी सोडली नाही. कॅन अर्धा भरला.

तो घेऊन ते जिन्याकडं वळले, तेव्हा सोमेशनं हाक मारली. ह्या वेळी मात्र त्यांना पहिलीच हाक ऐकू आली.

"अप्पा, लगेच ओतू नका. बंद पेटीतलं मशीन हाय, अजून तापलेलं असेल. पेट घेईल."

"मग?"

"धा-पंधरा मिनिटं थांबा. सायलेन्सरला बोट लावून बघा. चटका बसला न्हाय, की मग ओता."

"आन तुला तवर?"

सोमेशच्या गालांवर तापाचा रंग चढायला लागला होता. चंद्रव्वानं चादर पिळून त्याच्या छातीवर टाकली आणि डाव्या हातानं पुठ्ठा हलवू लागली. गुरुबसप्पा गच्चीवर गेले. कॅन बाजूला ठेवून ते तापलेल्या यंत्रासमोर उकिडवे बसले. अधूनमधून ते बोट लावत होते आणि चटका बसला की हात मागं घेत होते. समोर सगळं शहर अंधारात जात होतं. खालून चंद्रव्वाचा आवाज आला.

"झालं का हो गार?"

"न्हाय अजून," ते म्हणाले, आणि पुन्हा बोट पुढं केलं.