डेलमरचा गुडघा
"ऊठ, डेलमर! लोक बघतायत," ऑर्विल न्हावी दातओठ खात म्हणाला.

शाळेच्या मैदानावर फुटबॉलच्या सामन्याआधीचं राष्ट्रगीत सुरू होतं. अख्खं गाव टोप्या काढून, छातीवर हात ठेवून उभं होतं. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा डेलमर हॉस्किन्स तेवढा बाकावर बसलेला.

"गुडघा धरलाय रे," तो पुटपुटला; पण ते बँडच्या ढोलात बुडालं.

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या आमच्या गावात चर्चला दांडी मारली तर देव माफ करतो. झेंड्यापुढे बसून राहिलेल्याला मात्र कुणीच माफ करत नाही. सोमवारपर्यंत डेलमर देशद्रोही ठरला. "आज कात्री बोथट आहे," म्हणून ऑर्विलने त्याला दुकानाच्या दारातूनच परत पाठवलं. त्याच्या ओसरीवरच्या झेंड्यासमोरून लोक मान फिरवून जाऊ लागले. उलट, इतिहास शिकवणारी नवी बाई हॉली, तो निषेध म्हणूनच बसून राहिला असं समजून, गॅरेजात येऊन त्याचा तेलकट हात दाबत म्हणाली, "काय धैर्य तुमचं!"

"बाई, धैर्य नाही, वात आहे."

"कळलं हो," म्हणत तिने डोळा मिचकावला.

डेलमरला दोन घास गोड लागेनात. बुधवारी तो वर्नाच्या खानावळीत नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसला. वर्ना कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"माझा नवरा त्या झेंड्यात गुंडाळून घरी आला, डेलमर. ऊठ आणि चालता हो."

डेलमरने टेबल धरून जोर लावला. पुन्हा लावला. चेहरा लालबुंद झाला.

"उठतोस की नाही?"

"तेच तर करतोय, बाई!"

टेबल हललं, शेजारच्या माणसाची कॉफी सांडली, डेलमर होता तिथेच. वर्ना बघत राहिली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळून ती म्हणाली, "ऑर्विल, जरा इकडे ये रे."

दोघांनी काखेत हात घालून त्याला उभं केलं. वर्नाने त्याच्यासाठी ॲपल-पायचा मोठा तुकडा कापला.

शुक्रवारी पुन्हा सामना. बँडचा पहिला सूर निघाला मात्र, वर्ना आणि ऑर्विल दोन्हीकडून झेपावले. डेलमर जवळजवळ हवेतच उचलला गेला. ऑर्विलने त्याची टोपी काढली. त्याचे दोन्ही दंड अडकलेले, छातीवर हात ठेवणार कसा? वर्नाने आपलाच तळवा त्याच्या छातीवर ठेवला.

"वर्ना," तो कुजबुजला, "आज गुडघा बरा आहे गं. माझा मी उभा राहतो."

"गप्प बस," झेंड्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "राष्ट्रगीत चाललंय."